कांद्याची निर्यात खुली झाली, मग माझ्या पट्टीत काय खुललं?

उळे_ते_पट्टी (चांदवड तालुका)

राम राम मंडळी. कांदा साठवायच्या चाळीतला शेवटचा कप्पा दिवाळीच्या आधी रिकामा केला. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, समोर ठेवूनच लिहितोय. वजन २१ क्विंटल ४० किलो, क्विंटलचा भाव १,०५१, रक्कम २२,४९१. हमाली, तोलाई, वाराई जाऊन हातात २२,२६०. ट्रॅक्टरवाल्याचे १,८०० त्यातूनच.

याच कप्प्यात एप्रिलमध्ये ३४ क्विंटल भरला होता. अंदाजाने सांगत नाही, क्रेट मोजून भरला होता. तीनेक क्विंटल गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब माल) वेगळी गेली, तिचं काय आलं ते सांगायची लाज वाटते. बाकीचा साडेनऊ क्विंटल उकिरड्यावर आणि हवेत. एप्रिलमध्ये ओला-सुका जसा असेल तसा १,२०० ने मागत होते. तेव्हा दिला असता तर चाळीस हजार झाले असते.

मग ठेवला का? तर माझा मेहुणा पुण्यात बँकेत आहे. २२ मार्च २०२५ ला त्याने घरच्या ग्रुपवर बातमी टाकली, कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिलपासून शून्य. खाली लिहिलं, 'दाजी, आता तुमची चांदी.' मलाही वाटलं, दरवाजा उघडला म्हणजे माल बाहेर जाणार, भाव वर येणार. थांबलो. मेहुणा अजून दर आठवड्याला विचारतो, 'काय म्हणतोय कांदा?'

तर प्रश्न असा की निर्यात वाढली किंवा खुली झाली, तर त्यातला पैसा माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने यायला पाहिजे? आणि तो मध्येच कुठे उतरतो? उळं (कांद्याचं बी) टाकून झालंय, रोप बोटभर आलंय. तीन एकर उन्हाळ कांदा लावायचा की निम्मा करून हरभरा पेरायचा, हे पंधरा दिवसांत ठरवायचंय. 'व्यापारी चोर, सरकार चोर' हे उत्तर कृपया नको, ते माझं पाठ आहे.

---

शिवार_येवला

तेच उत्तर टाईप करत होतो, तुम्ही आधीच बंद करून टाकलं.

एक सांगतो, पेपरात 'कांदा १,९०० वर' छापतात ना, तो कमाल भाव असतो. सकाळी एखाद-दुसऱ्या वक्कलाला, म्हणजे मालाच्या लॉटला, मिळालेला. त्याचा फोटो फिरतो, आणि आपण दुपारी रांगेत सत्तराव्या नंबरला उभे असतो. सरासरीच बघत जा. मेहुण्यालाही सरासरीच पाठवा.

---

खळ्यावरचा_मुनीम (पिंपळगाव बसवंत)

दादा, चौदा वर्षं कांद्याच्या खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याचा माल निवडून भरायच्या जागेवर, हिशोब लिहिला. माल परदेशी जायचा. आता सोडलंय, त्यामुळे बोलायला मोकळा आहे. थोडं लांबेल.

तुमच्या ट्रॉलीपाशी व्यापारी येतो, वरचे चार कांदे उचलतो, एक दाबून बघतो, मान किती जाड आहे ते बघतो, पत्ती (वरची साल) बघतो, आणि आकडा बोलतो. तुम्हाला वाटतं मनात आलं ते बोलला. तसं नाही. त्याच्या डोक्यात समुद्रापलीकडून उलटा चालत आलेला हिशोब असतो. तो उलटा कसा चालतो ते बघा. आकडे समजुतीपुरते घेतोय.

समजा बंदरावर जहाजात चढेपर्यंत किलोला २० रुपये मिळणार. न्हावा-शेव्यापर्यंतचं भाडं आणि बंदरावरचा खर्च ३, गोणी आणि निवडणीची मजुरी २, तूट दीड, शेठचा १. राहिले साडेबारा. पण हे साडेबारा सगळ्या ट्रॉलीला नाहीत. शंभर किलो खळ्यावर ओतलं की टेबलावरच्या बाया निवडतात. गोल, एकसारखा, डबल पत्तीचा माल एका बाजूला. जोड, चिंगळी, काजळी धरलेला, मोड आलेला दुसऱ्या बाजूला. ऑक्टोबरच्या चाळीतल्या कांद्यात शंभरातला साठ किलो बाहेर जाण्यासारखा निघाला तरी नशीब. उरलेला ४० किलो देशात, तो ८ ने धरा. साठचे ७५० आणि चाळीसचे ३२०. मिळून १,०७०. तुमची पट्टी काय म्हणते? १,०५१. हे आकडे मी तुमची पट्टी वाचायच्या आधी मांडले असते तरी इथेच कुठेतरी आले असते.

आता शुल्काचं. ४० टक्के शुल्क होतं तेव्हा गिऱ्हाईक तेच २० देत असेल तर त्यातले पावणेसहा सरकारकडे जायचे. ते पावणेसहा कोणी भरले? जहाजवाल्याने भाडं कमी केलं नाही, गोणीवाल्याने गोणी स्वस्त दिली नाही. साडेबारातून गेले. म्हणजे लिलावातून. म्हणजे तुमच्यातून. इथवर तुमच्या मेहुण्याचं बरोबर आहे.

चुकतं ते पुढे. शुल्क उठलं की पावणेसहा परत मिळतात, पण समोरचा अजून २० देत असेल तर. यंदा तो देत नाही. उन्हाळ कांद्याचं देशातलं उत्पादन १९२ लाख टनांवरून २२७ लाख टनांवर गेल्याचं सरकारनेच शुल्क काढताना सांगितलं होतं. त्यात बांगलादेश हे आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, तो आता स्वतःचा कांदा पिकवतो आणि त्याचा बाजारात असेपर्यंत आपल्याला दार लावून घेतो. दार आपलं उघडलं, समोरच्याचं बंद.

आणि त्याला ही सवय आपणच लावली. ऑगस्ट २०२३ पासूनचं आठवा. १९ ऑगस्टला ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचंच नाही. ८ डिसेंबरला बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के. म्हणजे ७७० डॉलर, त्या वेळच्या ८३ रुपयांच्या डॉलरने किलोला ६४ रुपये पडायचे. एवढ्या पैशात कांदा घेणारा कोण? १३ सप्टेंबरला मूल्याची अट गेली, शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ ला शून्य. वीस महिन्यांत सहा वेळा खेळ बदलला. मलेशियातला घाऊक व्यापारी दर खेपेला आपल्यासाठी थांबेल होय? त्याने पाकिस्तानचा घेतला, चीनचा घेतला. एकदा दुसऱ्याकडचा माल खपायला लागला की तो परत येतो, पण भाव पाडूनच येतो.

८ डिसेंबरचा दिवस माझ्यासमोरचा आहे. शुक्रवार होता. खळ्यावर दोन कंटेनर भरून उभे, तिसरा निम्मा झालेला. शेठला फोन आला. ते काही बोलले नाहीत, नुसता हात वर करून थांबा म्हणाले. गोणीचं तोंड शिवणाऱ्या बाईने दाभण तसाच गोणीत टोचून ठेवला आणि उठली. तो दाभण चार दिवस तिथेच होता, मी रोज बघायचो. चांदवडला त्याच दिवशी रास्ता रोको झाला, तुम्ही असालच. चार हजारांच्या घरातला कांदा दोन आठवड्यांत निम्म्यावर आला. भरलेले कंटेनर उघडून माल देशात विकला, तो तोटा शेठचा. पण पुढच्या लिलावात शेठनेही हात आखडूनच बोली लावली. पुन्हा कधी बंदी येईल याचा धाक भावात धरला जातो. त्या धाकाची रक्कम पट्टीवर कुठेच लिहिलेली नसते.

आता जो आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो तो. २०२२-२३ ला देशातून २५ लाख २५ हजार टन कांदा गेला, ४,५२३ कोटींचा. पुढच्या वर्षी बंदीमुळे १७ लाख १७ हजार टनच गेला, पण ३,९२३ कोटींचा. भागून बघा. पहिल्या वर्षी किलोला १८ रुपयेही नाहीत, दुसऱ्या वर्षी जवळजवळ २३. माल तिसऱ्या हिश्श्याने घटला, पैसा सातव्या-आठव्या हिश्श्याने. मग जास्त निर्यातीचं वर्ष शेतकऱ्याला चांगलं गेलं का? २०२३ चा फेब्रुवारी-मार्च आठवा. लाल कांदा किलोला चार-पाच रुपयांवर. दिंडोरीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला, आणि सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान द्यावं लागलं, तेही २०० क्विंटलपर्यंतच. टनांचा मोठा आकडा आणि रस्त्यावर ओतलेला कांदा, दोन्ही एकाच वर्षातले. 'निर्यात वाढली' ही बातमी वाचली की मी आधी विचारतो, कोणत्या भावाने वाढली आणि तेव्हा माल कोणाकडे होता.

---

नाशिकरोड_फ्लॅट_४

मी शेतकरी नाही, पण एक विचारतो. देशात तीनशे लाख टनांच्या आसपास कांदा होतो, जातो त्यातला जास्तीत जास्त पंचवीस. शंभरातले आठ. एवढ्याशाने भाव कसा हलतो? आणि मी इथे २५ रुपये किलोने घेतो ते कोण खातं?

---

खळ्यावरचा_मुनीम

साहेब, पिंप काठोकाठ भरलं की शेवटचा तांब्याच सांडतो, तेव्हा बाकीचं पिंप कुठे जातं का? भाव त्या शेवटच्या तांब्यावर ठरतो. वरचे आठ किलो बाहेर गेले नाहीत तर तेच उरलेल्या ब्याण्णवच्या अंगावर येऊन पडतात.

तुमच्या २५ मध्ये सड, गाडीभाडं, हातगाडीवाल्याचा दिवस आणि तुम्ही निवडून घेता तो चांगला कांदा एवढं सगळं आहे. खाली टाकलेला कोण घेतं ते एकदा संध्याकाळी बघा.

---

बागेतली_सूनबाई (दिंडोरी)

दादा, कांद्यावर मी बोलणार नाही. आमची चार एकर थॉमसन द्राक्षं आहेत. पण 'द्राक्षवाल्यांचं बरं, युरोपचा पैसा' हे आमच्याच भावकीत ऐकून कान किटले, म्हणून लिहिते.

भागाकार आमचाही करून बघा. २०२३-२४ ला ३ लाख ४४ हजार टन द्राक्षं गेली, ३,४६१ कोटींची. किलोला शंभर रुपये. कांद्याच्या चौपटीपेक्षा जास्त, दिसायला छान. त्या हंगामात आम्हाला युरोपच्या मालाला जागेवर ७८ मिळाले. पण किती मालाला? बागेत निघाला त्यातल्या निम्म्याला. मणी १८ मिलिमीटरचा, साखर भरलेली, डाग नाही, काडी हिरवी, आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट साफ असेल तेव्हा. उरलेला निम्मा ३५ ने गेला. एकरी खर्च साडेतीन लाखांच्या खाली येत नाही. मजुरांच्या टोळ्यांचा भाव तर विचारूच नका. थिनिंगच्या (घडातले जादा मणी काढायच्या) दिवसांत आम्ही बायका सकाळी सातला कात्री घेऊन मांडवाखाली उभ्या राहतो, ती मान दुपारपर्यंत वरच. आपला पाचशे ग्रॅमचा पनेट (डबा) तिकडे कोणीतरी दोन मिनिटांत संपवत असेल, असं वाटतं कधीकधी.

२०१० ला मी नवी नवरी होते. त्या वर्षी सीसीसीचा अंश सापडला म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले. क्लोरमेक्वाट क्लोराईड, वेलीचा शेंडा आवरायला सगळेच मारायचे. तिकडे त्याची तपासणी होणार हे इथे कोणाच्या ध्यानात नव्हतं. माल गोड होता, साइज होती, सगळं होतं. सासऱ्यांचे पैसे दोन वर्षं अडकले आणि शेवटी निम्मेच आले. कोणाकडे अडकले ते नाव घेत नाही, तो माणूस अजून तालुक्यात फिरतो.

पण त्या घावातून एक झालं. आता कोणतं औषध चालतं, किती दिवस आधी बंद करायचं, याची यादी हंगामाच्या आधी हातात असते. प्लॉटची नोंदणी तर आधीपासूनच असते, नमुना काढतात, नापास झाला तर काढणीआधी कळतं. नियम कडक आहेत, पण ते भर काढणीत रात्रीतून बदलत नाहीत. मुनीमकाकांनी सांगितलेला तो धाक आमच्याकडे या बाजूने तरी नाही. दुसऱ्या बाजूने आहेच. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, भाडं वाढलं, ते किलोतूनच कापलं. आणि यंदा मे महिन्यापासून जो पाऊस लागला, त्याने काडीत घडच तयार झाले नाहीत. छाटणी करून बघितलं तर बऱ्याच फांद्या वांझ, आले तेही जिरले. आता मागणी आहे, भावही मिळेल म्हणतात. मालच नाही.

---

कसमादे_चाळवाला (देवळा)

मुनीमभाऊंनी हिशोब चोख मांडला. पण उळेभाऊ, राग मानू नका, तुमची अर्धी पट्टी डॉलरने खाल्लेली नाही. ३४ चे साडेएकवीस? चांगल्या चाळीत सहा महिन्यांत पंचवीस-तीस टक्के घट मीही धरतो. तुमच्याकडे सदतीस टक्के गेला, गोल्टी धरून. त्यातला काही तरी युरियाने खाल्लाय.

शेवटचा युरिया लावणीनंतर किती दिवसांनी टाकला? पाणी कधी तोडलं? साठ दिवसांनंतर नत्र दिलं की कांदा फुगतो, वजन दिसतं, मान जाड राहते, आणि चाळीत तोच आधी पाणी सोडतो. एक सडला की त्याचं पाणी खालच्या दहांवर. काढणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं. पात पडली की उपटून पातीसकट शेतातच सुकू द्यायचा, पुढच्या ओळीच्या पातीने मागच्या ओळीचा कांदा झाकून. मान कापताना इंच-दीड इंच ठेवायची, मजूर घाईत बुडापासून उडवतात, तिथे स्वतः उभं राहायचं. चाळीत चार-पाच फुटांच्या वर ढीग नको. जागा नाही म्हणून गळ्यापर्यंत भरतात, मग मधला भाग वाफेत शिजतो. भादव्यात चाळीपाशी गेलं की जो वास येतो, तो कशाचा असतो?

मी तीन वाटे करतो. एक शेतातूनच विकायचा, मिळेल त्या भावाने, त्यात सोसायटीचं कर्ज आणि मजुरी निघते. दुसरा आखाडात. तिसरा देवाच्या नावाने. बातमीवर काही ठेवायचं तर हा तिसराच. २०२३ ला तो फळला, यंदा गेला. पण तो गेला म्हणून घरातलं कोणी रडलं नाही.

---

शिवार_येवला

तिसरा वाटा देवाचा, यावर माझी बायको म्हणते आमच्याकडे तिन्ही देवाचेच आहेत.

---

उळे_ते_पट्टी

सगळ्यांचे आभार. देवळ्याच्या भाऊंचा राग नाही. वही काढून बघितली. दुसरा युरिया बहात्तराव्या दिवशी टाकलाय. बांधावरच्या शेजाऱ्याने टाकला, त्याचा प्लॉट काळाभोर दिसत होता, मला राहवलं नाही. पाणी आठ दिवस आधी तोडलं, तेही लाइट नव्हती म्हणून. आणि चाळ गळ्यापर्यंतच भरली होती. वासाचंही खरं आहे. गणपतीतच आई म्हणाली होती, कप्पा फोड. मी म्हणालो, आता निर्यात सुरू होईल.

मुनीमभाऊ, तुमचा साठ-चाळीसचा हिशोब घरात फळ्यावर लिहिलाय, पोराचा फळा आहे. शंभरातले साठ ऐंशीवर नेले तर हाच १,०५१ कुठे जातो ते मांडलं. ऐंशीचे हजार आणि वीसचे १६०. क्विंटलला नव्वद रुपये जास्त, शिवाय सडलेला वाचेल तो वेगळा. दिल्लीने काही केलं नाही तरी एवढं माझ्या हातात आहे. पण हे लिहिताना चीडही येते. साडेनऊ क्विंटल माझ्या चुकीने गेला हे कबूल, पण १,२०० ला तेव्हा दिला असता तरी मजुरी, उळं, खत आणि लाइटबिल जाऊन त्यात उरत काय होतं? आपण सडीचा हिशोब करतो, तिकडे एका कागदाने चार हजाराचे दोन हजार होतात.

तर ठरलंय, दीड एकर उन्हाळ, दीड एकर हरभरा. उन्हाळातला तिसरा हिस्सा शेतातूनच द्यायचा. मेहुण्याला हा सगळा धागा पाठवला. त्याने अंगठा टाकला आणि खाली विचारलं, 'पण मग भाव वाढणार कधी?'

रोप तीन एकराचं टाकलेलं आहे, दीड एकराचं उरतंय. फुरसुंगी, घरच्या डोंगळ्याचं उळं, दाट नाही, करपा नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उपटायला येईल. चांदवड-देवळा भागात कोणाला हवं असेल तर इथेच सांगा, उपटून न्यायचं तुमच्या मजुरांनी.

---

कसमादे_चाळवाला

मला अर्ध्या एकरापुरतं लागेल. आमच्याकडचं रोप पावसाने बसलं. भावाचं बोला.